अर्धं ब्लेड

1996 साली मी साताऱ्यात डीएमएलटीचा, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा, कोर्स करत होते. एलायझा चाचणी शिकवायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, सरावासाठी प्रत्येकानं घरातल्या दोघातिघांचं रक्त आणा. मी आईचं आणि आप्पांचं आणलं.

एलायझाच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये 96 इवले खळगे असतात. प्रत्येक खळग्यात एकेका माणसाच्या रक्तातला निवळ पाणीदार भाग घालायचा, ठरलेल्या वेळी धुवायचा, मग रसायन घालायचं. ज्या रक्तात शोधतोय ती गोष्ट असेल, तो खळगा आधी निळा होतो आणि शेवटी आम्लाचा थेंब पडला की पिवळा. बाकीचे पाण्यासारखे नितळ राहतात. त्या दिवशी कंट्रोलचे, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले, खळगे सोडले तर एकच खळगा हळदीच्या पाण्यासारखा पिवळा झाला. मी वहीतला क्रमांक पाहिला. तो आप्पांचा होता. सरांनी चाचणी पुन्हा करायला लावली. पुन्हा पिवळा.

रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह’. आप्पांनी तो कागद हातात घेऊन कितीतरी वेळ पाहिला आणि विचारलं, “पोरी, ऑस्ट्रेलिया कुठं आणि आपण कुठं?” मग मी त्यांना सांगितलं, की बरूक ब्लुमबर्ग नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाला 1960च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक वेगळं प्रथिन सापडलं, म्हणून त्याचं नाव तसं पडलं. पुढे कळलं की ते हेपॅटायटिस बी या विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन आहे. ब्लुमबर्गना 1976 साली नोबेल मिळालं. नाव मात्र आपल्याकडच्या प्रयोगशाळांत आजही टिकून आहे. पण आप्पांना हवं होतं ते उत्तर हे नव्हतं. त्यांना काहीच होत नव्हतं. ना ताप, ना डोळे पिवळे, ना भूक गेलेली. अठ्ठेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस, पहाटे साडेपाचला दुकान उघडणारा.

आप्पांचं दुकान म्हणजे केशकर्तनालय.

तुरटीचा एकच खडा

बाजारपेठेच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं ते दुकान. भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर. आरशाखालच्या फळीवर पाण्याचा फवारा, साबणाची वाटी, ब्रश, डेटॉलची बाटली आणि तुरटीचा खडा. आजोबांच्या हातात होता तो चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा वस्तरा. आप्पांच्या हातात आला तो ब्लेड बसवायचा. त्या वस्तऱ्यात अर्धंच ब्लेड बसतं. आप्पा कागदासकट ब्लेड दोन बोटांत धरत आणि कट्कन मधोमध मोडत. एका ब्लेडची दोन पाती. एका पात्यावर चार-पाच दाढ्या सहज निघत. पातं बदलायचं ते धार गेली म्हणून. रक्त लागलं म्हणून बदलायचं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

आणि रक्त लागायचंच. हनुवटीवर एखादी पुटकुळी असली, गिऱ्हाईक मध्येच बोललं, की बारीक कट लागायचा. मग आप्पा तुरटीचा खडा ओला करून त्यावर फिरवायचे. झोंबायचं, रक्त थांबायचं, आणि खडा परत फळीवर. पुढच्या गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर तोच खडा.

मी लहानपणी दुकानात अभ्यासाला बसायचे. हे सगळं हजार वेळा पाहिलेलं. त्या पिवळ्या खळग्यानंतर मात्र ते पहिल्यांदा नीट दिसलं.

आपल्याकडे कावीळ हा एकच शब्द आहे आणि तो सगळ्याच प्रकारांना लावतो. पण पावसाळ्यात गढूळ पाण्यानं गावात साथ येते, ती हेपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची. ती पोटातून शिरते, बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते. बी आणि सी हे विषाणू वेगळे. ते प्रामुख्यानं रक्तातून जातात. शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातात, विशेषतः बी. शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत महिना ते सहा महिने लागू शकतात, आणि पुष्कळांत लक्षण दिसतच नाही. डोळे पिवळे झाले नाहीत म्हणजे कावीळ नाही, असा हिशेब इथे चालत नाही. विषाणू यकृतात वीस-तीस वर्षं मुक्काम करतो. मग एके दिवशी पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते किंवा सोनोग्राफीत गाठ दिसते.

माणसाचं रक्त बाहेर पडून सुकलं की त्यातलं सगळं मेलं, असं आपल्याला वाटतं. हेपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरतो. रविवारी पात्याला लागलेला डाग पुढच्या रविवारपर्यंत संसर्ग देऊ शकतो. सीचा विषाणूही बाहेर काही दिवस, अनुकूल जागी काही आठवडे टिकल्याचं दिसलं आहे. त्यासाठी रक्त डोळ्यांना दिसावंच लागतं असंही नाही. बीचा भार जास्त असलेल्या माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात विषाणू कोट्यवधींच्या संख्येनं असतात. पात्याच्या कडेला चिकटलेला, नजरेला न दिसणारा अंश पुरतो.

दवाखान्यातल्या सुया टोचण्यावरून याचा अंदाज बांधलेला आहे. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रुग्णाची सुई टोचली, तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. हेपॅटायटिस सीची शंभरात दोन किंवा त्याहूनही कमी. हेपॅटायटिस बीची शंभरात सहा ते तीस. आपण घाबरतो एड्सला, आणि ते बरंच झालं. नव्वदच्या दशकात एड्सच्या प्रचारामुळेच अनेक दुकानांत नवं ब्लेड आलं. पण त्याच वाटेनं त्याच्यापेक्षा कितीतरी सहज शिरणाऱ्या पाहुण्याचं नाव कुणी घेतलं नाही.

दाढीचं पातं म्हणजे पोकळ सुई नव्हे. एका दाढीतला धोका लहान असतो, हेही मला सांगितलं पाहिजे. पण माणूस आयुष्यात एक दाढी करत नाही, आणि दाढी करणारा दिवसाला वीस-पंचवीस करतो.

माझ्यामुळं कुणाला झालं असंल का गं?

रिपोर्टनंतर आठवडाभरानं रात्री जेवताना आप्पांनी मला हे विचारलं. घास हातात तसाच होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्यांना स्वतःला हा विषाणू कुठून मिळाला, हेही कळायला मार्ग नव्हता. जन्मतः आजीकडून असेल. जावळ काढताना लागलेल्या वस्तऱ्यातून असेल. लहानपणी एकाच सुईनं दिलेल्या इंजेक्शनांतून असेल. किंवा तीस वर्षांत ब्लेड मोडताना कितीदा तरी कापलेल्या त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांतून, ज्यांवर गिऱ्हाइकाचं रक्त लागत होतं. तान्ह्या बाळाला बीची लागण झाली तर शंभरातल्या नव्वदांत ती कायमची ठाण मांडते. धडधाकट मोठ्या माणसाला झाली तर पंचाण्णवांहून जास्त जण ती स्वतःच परतवून लावतात. या हिशेबानं बघितलं तर आप्पांची लागण लहानपणीची असण्याचीच शक्यता जास्त. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे.

म्हणून या बाबतीत मी कुणा न्हाव्याकडे, कुणा पार्लरवाल्या ताईकडे बोट दाखवत नाही. खुर्चीत बसलेला आणि खुर्चीमागे उभा असलेला, दोघंही एकाच पात्याच्या दोन बाजूंना असतात. गिऱ्हाइकाला महिन्यातून दोनचारदा धोका, कारागिराला रोजचा.

आप्पांनी स्वतःच्या प्रश्नाला स्वतः उत्तर शोधलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकासमोर ते नवं ब्लेड मोडू लागले. अर्धं वापरायचं आणि काढून टाकायचं. तुरटीचा खडा कुटून त्याची पूड केली, ती कापसाच्या बोळ्यानं लावायची आणि बोळा फेकायचा. बोट कापलं तर पट्टी लावल्याशिवाय वस्तरा हातात घ्यायचा नाही. डालडाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला चीर पाडली आणि वापरलेली पाती त्यात टाकू लागले, कारण कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातालाही कातडीच असते. दाढीचा दर आठ आण्यांनी वाढवला. कुणीही कुरकुर केली नाही.

घरात मात्र वेगळं घडलं. नात्यातल्या काहींनी त्यांचं ताट वेगळं करायला सांगितलं. हे मी पुढच्या नोकरीतही शेकडो घरांत पाहिलं. बी किंवा सी एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, खोकल्यानं, एका घरात राहिल्यानं पसरत नाही. वेगळं ठेवायचं ते दाढीचं रेझर, टूथब्रश आणि नेलकटर. आमच्या घरी तोवर रेझर एकच होतं आणि ताटं सहा.

पार्लर, जत्रा आणि सोनार

पुढे मी रक्तपेढीत लागले. रक्तदात्याला रक्त देण्याआधी आम्ही एक अर्ज भरायला देतो. त्यात प्रश्न असतो, गेल्या वर्षभरात गोंदवून घेतलंय का, कान-नाक टोचलंय का. शिबिरात हमखास एखादा कॉलेजातला मुलगा बाही वर करून मनगटावरचं गोंदण दाखवतो आणि मी त्याला परत पाठवते. तो हिरमुसतो. मी समजावते, की तुझं रक्त वाईट आहे असं नाही. लागण ताजी असेल तर चाचणीत ती काही आठवडे सापडतच नाही. त्या काळात तू दिलेली पिशवी दुसऱ्याला आजार देईल. म्हणून एक वर्ष थांब. सौंदर्योपचारातून लागण होते, हे इतक्या गांभीर्यानं घेतलेलं आहे, हे मला त्या अर्जानं शिकवलं. इटलीत 1985 पासून तीव्र हेपॅटायटिसच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवतात. त्यात प्रत्येकाला न्हाव्याकडची दाढी, मॅनिक्युअर, पेडिक्युअर, गोंदण, टोचणं यांबद्दल विचारतात, आणि या उपचारांचा बी आणि सीच्या लागणीशी संबंध तिथल्या अभ्यासात दिसला आहे.

आपल्या पार्लरांत मी जाते तेव्हा माझी नजर हत्यारांवर जाते. थ्रेडिंगचा दोरा मला फारसा घाबरवत नाही. मला काळजी असते ती पेडिक्युअरची. नखाभोवतीची कातडी कापायचा तो छोटा चिमटा, टाचा घासायची किसणी, ब्लॅकहेड काढायची टोकदार सळई. ही तिन्ही रक्तापर्यंत पोचतात आणि तिन्ही एकीनंतर दुसरीला वापरली जातात. मध्ये काय होतं? डेटॉलच्या पाण्यात बुडवून काढतात, किंवा स्पिरिटचा बोळा फिरवतात, किंवा निळा दिवा लागलेल्या पेटीत ठेवतात. डेटॉलच्या पाण्यात क्षणभर बुडवून हा विषाणू मरत नाही. स्पिरिट काही सेकंदांत उडून जातं. निळ्या पेटीतला प्रकाश फक्त वरच्या बाजूला पडतो, चिमट्याच्या सांध्यातल्या रक्ताला तो शिवतही नाही.

जत्रेतलं गोंदण तर आणखी अवघड. माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं, मला ते फार आवडायचं. गोंदणाला माझा विरोध नाही. पण जत्रेत बॅटरीवर चालणारं यंत्र घेऊन बसलेला माणूस दिवसभर एकच सुई आणि शाईची एकच बाटली वापरतो. सुई बदलली तरी शाई तीच असेल, तर आधीच्या माणसाचं रक्त सुईबरोबर शाईत उतरलेलं असतं. गोंदवून घ्यायचं तर सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघावी, शाई छोट्या टोपणात फक्त तुमच्यापुरती ओतावी, उरलेली फेकून द्यावी, हातमोजे नवे असावेत.

कान टोचायला मात्र आपल्या जुन्या रीतीत एक शहाणपण आहे. सोनारानंच कान टोचावे, असं आपण म्हणतो. पाचव्या-बाराव्या दिवशी घरी आलेला सोनार बाळासाठी घडवलेल्या सोन्याच्या तारेच्या टोकानंच कान टोचतो, आणि तीच तार वळवून कानात ठेवतो. ती तार दुसऱ्या बाळाच्या कानात जात नाही. तार आधी उकळून घेतली आणि हात साबणानं धुतले, की झालं. पण एकच सुई वापरून रांगेत कान टोचणारा, किंवा प्लॅस्टिकच्या बंदुकीनं टोचणारा असेल तर विचारा. त्या बंदुकीचं प्लॅस्टिक निर्जंतुक करण्याइतकी उष्णता सोसत नाही.

शहरांत आता डर्मारोलर, मायक्रोब्लेडिंग आणि स्वतःचंच रक्त चेहऱ्यात सुयांनी टोचून घेण्याचं ‘व्हॅम्पायर फेशियल’ आलं आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या आल्बुकर्की शहरात 2018 साली परवाना नसलेल्या एका स्पाची तपासणी झाली. स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये अन्नाशेजारी रक्ताच्या नळ्या, त्यांवर नाव नाही. उघड्या सिरिंज ड्रॉवरमध्ये आणि कचऱ्याच्या डब्यात. तिथे गेलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं 2024 साली त्याची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली. ज्या वाटेनं एचआयव्ही गेला, ती वाट बी आणि सीसाठी त्याहून मोकळी असते. जागा चकचकीत आहे, फी पाच आकडी आहे, म्हणून सुई स्वच्छ आहे असं समजू नका.

वीस मिनिटं आणि तीन सुया

उपाय महाग नाहीत, म्हणून तर जीव तळमळतो. जे कापतं किंवा टोचतं आणि फेकता येतं, ते एकदाच वापरा. जे फेकता येत नाही ते आधी साबण-पाण्यानं ब्रशनं घासा, कारण वाळलेल्या रक्ताच्या थराखाली विषाणू सुरक्षित राहतो. मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे 121 अंश सेल्सियसच्या वाफेत दाबाखाली ठेवा. तो नसेल तर निदान उकळी आल्यापासून 20 मिनिटं पूर्ण बुडवून उकळा. एक चिमटा उकळत असताना काम अडायला नको, म्हणून चार-पाच चिमट्यांचे संच ठेवा. मी ज्या पार्लरमध्ये जाते, तिथल्या ताईंनी गॅसची छोटी शेगडी आणि स्टीलचं पातेलं आतल्या खोलीत ठेवलं आहे. बायका आता स्वतःहून विचारतात, चिमटे उकळलेत ना?

दुसरा उपाय लस. हेपॅटायटिस बीची लस आहे, सीची नाही. आमच्या घरी 1996 साली परदेशी लस परवडण्यासारखी नव्हती. 1997 साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं ‘शानव्हॅक-बी’ ही भारतात विकसित झालेली लस आणली आणि किमती उतरल्या. पुढच्या वर्षी आईची, माझी आणि धाकट्या भावाची तपासणी करून आम्ही तिघांनी लस घेतली. मोठ्या माणसाला तीन सुया, पहिली आज, दुसरी महिन्यानं, तिसरी सहाव्या महिन्यात. देशभरातल्या बाळांना सरकारी लसीकरणात ही लस मिळायला लागली ती 2011 पासून. त्याआधी जन्मलेल्या, म्हणजे आज सलूनच्या आणि पार्लरच्या खुर्चीत बसणाऱ्या आणि तिथे काम करणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांनी ती घेतलेली नाही. ब्युटी पार्लरचा कोर्स लावणाऱ्या प्रत्येक मुलीला माझं सांगणं आहे, कात्री घेण्याआधी ही लस घ्या.

तिसरा उपाय, एकदा तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2022 साली भारतात हेपॅटायटिस बीसह जगणारे सुमारे 2 कोटी 98 लाख आणि सीसह जगणारे 55 लाख लोक होते. त्यांतल्या बहुसंख्यांना ते ठाऊक नाही, जसं आप्पांना नव्हतं. 28 जुलै 2018 पासून हेपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे आणि सरकारी रुग्णालयांच्या केंद्रांत तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. सीचा विषाणू बारा आठवड्यांच्या, काहींना चोवीस आठवड्यांच्या, गोळ्यांनी शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांच्या शरीरातून कायमचा जातो. बी सहसा पूर्ण जात नाही, पण गोळ्यांनी दबून राहतो आणि यकृत वाचतं. काविळीच्या माळा घालून आणि पाला पिऊन यांतलं काहीच साधत नाही, उलट मोलाचा काळ जातो.

आप्पांना गोळ्या मिळाल्या, पण त्या उशिरा. यकृत आधीच आकसलं होतं. 2015 साली, सदुसष्टाव्या वर्षी ते गेले.

दहाव्या दिवशी आम्ही संगम माहुलीला कृष्णेच्या घाटावर गेलो. भाऊ, चुलतभाऊ, पुतणे मिळून अकरा जण क्षौराला बसले होते. मी पर्समधून ब्लेडची दोन पाकिटं काढली आणि वस्तरा घेऊन बसलेल्या काकांपुढे धरली. घाटावर बाईनं मध्ये बोलावं का, असं वाटून हात थरथरत होता. काका आप्पांच्या धंद्यातले, त्यांना ओळखणारे. त्यांनी पाकिटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. धोकटीतून आपलं एक पाकीट काढून दाखवलं आणि म्हणाले, “तुझ्या बापानंच लावलेली सवय हाय, पोरी.”

मग त्यांनी माझ्या भावाच्या डोक्यावर पाणी फिरवलं, ब्लेड कागदासकट दोन बोटांत धरलं आणि मधोमध मोडलं. अकरा डोक्यांसाठी अकरा वेळा पातं बदललं गेलं. प्रत्येक वेळी ते कट्कन मोडल्याचा आवाज मी ऐकला.